गोव्यातील धर्मग्राम शाळा : मुलांचे जीवन, अध्ययन आणि स्वरसाक्षरता

प्रस्तावना

गोव्याच्या शैक्षणिक इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच मोठ्या संस्थांकडे वळते. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेज, रायतूरची सेमिनरी, १८४२ मधील वैद्यकीय विद्यालय आणि १८५४ मध्ये स्थापन झालेले लिसेव यांच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने गावोगावच्या चर्चला जोडून चालणारी धर्मग्राम शाळा, जिला पोर्तुगीजमध्ये 'इश्कोला पारोकियाल' म्हणत, ती इतिहासलेखनात उपेक्षितच राहिली. वास्तविक जुन्या काबिजादींतील, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या तालुक्यांतील सामान्य ख्रिस्ती मुलाचा शिक्षणाशी आलेला पहिला, आणि बहुतेकांच्या बाबतीत शेवटचा, संबंध याच शाळेशी होता.

या शाळेविषयी दोन मते रूढ आहेत. एका मतानुसार ती धर्मांतराचे आणि भाषादमनाचे साधन होती; दुसऱ्या मतानुसार ती गोमंतकीय संगीताची गंगोत्री होती. दोन्ही मतांना आधार आहे. परंतु दोन्ही मते शाळा चालविणाऱ्यांच्या हेतूवरून शाळेचे मोल ठरवितात; शाळेत बसलेल्या मुलाने तेथे मिळालेल्या विद्येचे पुढे काय केले, हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने धर्मग्राम शाळेतील मुलांच्या जीवनाचा व अध्ययनाचा विचार केला आहे.

उगम

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा शहर जिंकले. बारदेश व साष्टी हे तालुके १५४३ मध्ये त्यांच्या ताब्यात आले. धर्मग्राम शाळांच्या आरंभासाठी सामान्यतः १५४५ हे वर्ष सांगितले जाते. तत्पूर्वी १५४१ मध्ये जुन्या गोव्यात स्थानिक मुलांसाठी एक विद्यालय सुरू झाले होते व तेच पुढे जेझुइटांच्या हाती सेंट पॉल कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आले. १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात दाखल झालेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन शहराच्या रस्त्यांवरून हिंडे, मुलांना गोळा करी आणि त्यांच्याकडून धर्मतत्त्वे चालीवर म्हणून घेई, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे चार शतके धर्मग्राम शाळेने जी पद्धती वापरली तिचे बीज येथे आहे. मुले गटाने बसतात, पाठ गाऊन म्हणतात आणि म्हणता म्हणता पाठ करतात.

या आरंभाला एक कठोर बाजूही आहे, ती नजरेआड करता येत नाही. १५५९ च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुलांना सेंट पॉल कॉलेजच्या स्वाधीन करून त्यांना बाप्तिस्मा द्यावा व शिक्षण द्यावे, असे ठरविण्यात आले. घरात वडीलधारे कोणी उरले नसेल तर मुलाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर हिंदू कुटुंबव्यवस्थेत चुलते, मामा व भाऊबंद यांच्याकडे पाहून दिले जाई. राजाज्ञेने ते उत्तर पुसून टाकले. म्हणजे काही मुलांच्या बाबतीत शाळेचा उंबरठा हा घर सुटल्याची खूण होता. गावच्या धर्मग्राम शाळेत येणारी मुले आपल्या घरी राहून येत, त्यामुळे त्यांची स्थिती वेगळी होती. तरीही संपूर्ण व्यवस्थेमागील सत्तेचे स्वरूप या आज्ञेवरून स्पष्ट होते.

तालुक्यांची वाटणीही धर्मसंघांमध्ये झाली होती. साष्टीत जेझुइट, तर बारदेशात फ्रान्सिस्कन यांचे कार्य होते. साष्टीतील रायतूर व बारदेशातील रेईश मागूश ही त्यांची प्रमुख विद्याकेंद्रे. गावातील शाळेचा खर्च मात्र परदेशातून येत नव्हता. चर्चची फाब्रिका, कुंफ्रारी म्हणजे श्रद्धावंतांची मंडळे आणि गावकरी यांच्या उत्पन्नातून तो भागविला जाई. गावकरी ही पोर्तुगीजांच्या आधीची ग्रामसंस्था. देवळाची पूजाअर्चा, देवदासी व वाजंत्री यांच्यासाठी गावाच्या जमिनीचे जे उत्पन्न राखून ठेवले जाई, ते देवळे पाडल्यानंतर चर्चकडे वळविण्यात आले. या दृष्टीने पाहिले तर देवळाच्या ताफ्याचे आणि चर्चच्या गायनवृंदाचे वेतन एकाच शेताच्या भातातून आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रश्नोत्तराचा पाठ

गोव्यात १५५६ मध्ये सेंट पॉल कॉलेजमध्ये छापखाना सुरू झाला. भारतातील हा पहिला छापखाना होय. झेवियरची 'दोत्रीन' म्हणजे धर्मतत्त्वांची पुस्तिका तेथे १५५७ मध्ये छापली गेली. मुलांच्या अध्ययनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे पुस्तक १६२२ मध्ये रायतूर येथे प्रसिद्ध झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोंकणीत तयार केलेली 'दोत्रीन क्रिस्तां' ही ती पुस्तिका. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, १६१९ मध्ये वारले; पुस्तक त्यांच्या पश्चात निघाले. मार्कुश जोर्ज यांच्या पोर्तुगीज पुस्तकाच्या आधारे ते रचले असून मुलांना शिकविण्यासाठी संवादरूपाने मांडले आहे, असे त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. कोंकणीतील हे पहिले मुद्रित पुस्तक मानले जाते. कोंकणीच्या मुद्रणाचा आरंभ शाळकरी मुलाच्या क्रमिक पुस्तकाने झाला, ही गोष्ट भाषेच्या इतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही.

एकाने विचारावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे, हा या अध्ययनाचा गाभा. लोकभाषेत या पाठाला 'दोतोर्न' असे नाव पडले. क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, मारियेची प्रार्थना, दहा आज्ञा, सात संस्कार असा क्रम ठरलेला असे. पुस्तक प्रत्येक मुलाच्या हातात असण्याचा प्रश्नच नव्हता. ते शिक्षकाकडे असे, आणि मुलांकडे होती ती स्मृती. ही पद्धती स्थानिक मुलांना परकी वाटण्याचे कारण नव्हते. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२३ मध्ये इक्केरीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत काही मुले जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटाने अंक लिहीत आणि ते चालीवर म्हणत गणित शिकताना पाहिली व त्याचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले. पंतोजींच्या शाळेतील परवचा आणि चर्चच्या ओसरीवरील दोतोर्न यांत विषयाचे अंतर मोठे आहे. मुलाच्या कानाला व जिभेला पडणारे वळण मात्र एकच आहे.

स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथेच छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापलेला होता. दोतोर्न मिळाली, परंतु पूर्वीची पुराणे गेली, त्यांच्या जागी काही तरी हवे, अशी नवख्रिस्ती श्रोत्याची मागणी ग्रंथाच्या आरंभी येते. ही मागणी प्रौढांची आहे. मुलांना पाठ मिळाला होता. मोठ्यांना कथा हवी होती. पुढील काळात १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. मराठी वाचकांच्या हाती तो देवनागरीत यावयास मात्र १९५६ साल उजाडावे लागले.

मेस्त्री आणि त्याची मुले

शाळेचा खरा आधारस्तंभ धर्मगुरू नव्हे, तर मेस्त्री. 'मेस्त्रे द कापेला' म्हणजे चर्चच्या गायनवृंदाचा प्रमुख. लोकांच्या तोंडी त्याचा मेस्त्री झाला. (मराठीत सुतार-गवंड्यांना लावला जाणारा मेस्त्री, मिस्त्री हा शब्दही पोर्तुगीज 'मेस्त्रे' यावरूनच आला आहे, हातातील कसब शिकविणारा तो मेस्त्री, हा अर्थ दोन्हीकडे सारखाच.) रविवारचा व सणांचा मिस्सा गाऊन घेणे, नोव्हेना, लादाईन, अंत्यविधी यांत गायन-वादनाची व्यवस्था करणे आणि त्यासाठी गावातील मुलांना तयार करणे ही त्याची कर्तव्ये. अक्षरओळख, वाचन, लेखन व थोडे अंकगणित हेही तोच शिकवी. त्याचे वेतन तुटपुंजे असे. लग्ने, फेस्ते व खाजगी शिकवण्या यांवर त्याचा बराचसा चरितार्थ चाले.

शाळेसाठी स्वतंत्र इमारत बहुधा नसे. चर्चच्या बाजूची खोली, ओसरी किंवा मेस्त्रीच्या घराचा बल्कांव ही शाळेची जागा. विद्यार्थी बहुशः सहा-सात ते बारा-तेरा वर्षे वयाचे मुलगे. मुली दोतोर्न शिकत, परंतु गायनशाळेत त्यांना स्थान नव्हते. यामागे सामाजिक रूढी होतीच, शिवाय उपासनाविधीची गरजही होती. चर्चच्या गायनवृंदात स्त्रियांना मज्जाव असे आणि उंच पट्टीतील स्वर कोवळ्या आवाजाच्या मुलांनी गावयाचे असत. पोप दहावे पायस यांनी १९०३ च्या आदेशात ही गोष्ट पुन्हा स्पष्टपणे नमूद केली. म्हणजे मुलाचा कंठ हे शाळेचे भांडवल होते आणि ते मुदतीचे होते. आवाज फुटला की गायनातील त्याची जागा संपे. मग ज्याच्या हातात तोवर रबेक, म्हणजे व्हायोलिन आले असेल तो वृंदात टिके. बाकीचे शेतावर, माडावर किंवा होडीवर जात. सातत्याने शिकणाऱ्या मुलांची संख्या पिकाच्या हंगामावरही अवलंबून असणार हे उघड आहे. पावसाळी शेतीची लावणी आणि वायंगणाची कामे यांच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरातील दहा वर्षांचा मुलगा हा कामाचा माणूस असतो.

अध्ययनाचा क्रम विलक्षण काटेकोर होता. वाद्य प्रथम हाती दिले जात नसे. आधी सोल्फ. दो, रे, मी, फा, सोल, ला, सी ही स्वरनामे, पाच रेषांवरील त्यांची स्थाने, स्वरांची लांबी दाखविणाऱ्या आकृती, वेगवेगळ्या कुंजीचिन्हांनुसार बदलणारे वाचन यांचा अभ्यास महिनोन्महिने चाले. 'आर्तिन्या' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या पुस्तिकेतून संगीताची मूलतत्त्वे पाठ करून घेतली जात. मुले उजव्या हाताने ताल धरीत आणि स्वर नावानिशी म्हणत. चुकलेल्या स्वराला माफी नव्हती. पोर्तुगीज शाळांत सर्वत्र वापरली जाणारी 'पाल्मातोर', म्हणजे तळहातावर मारण्याची लाकडी थापी, येथेही होती. या शिस्तीचे गोडवे पुढील पिढ्यांनी गायिले आहेत. परंतु गोडवे गाणारे बहुधा शिकून पार पडलेले असतात. थापीच्या भीतीने शाळा सोडलेल्या मुलांनी आठवणी लिहिलेल्या नाहीत.

वर्षाचे वेळापत्रक धार्मिक पंचांगाने ठरे. कारेज्मात, म्हणजे उपवासकाळात, मोतेत गाण्यासाठी तयारी करावयाची. नाताळापूर्वी नवी गीते बसवावयाची. गावच्या फेस्ताआधी नऊ दिवस नोव्हेना. मे महिन्यात वाड्यावाड्यावरील खुरसांपुढे लादाईन. परीक्षा अशी वेगळी नव्हती. साऱ्या गावासमोर, लॅटिनमध्ये, चार भागांत गाणे हीच परीक्षा, आणि चुकले तर ते घरी पोचण्याआधी साऱ्या वाड्याला ठाऊक होई. लादाईनीनंतर वाटले जाणारे उकडलेले चणे हे मुलांच्या दृष्टीने या शिक्षणाचे सर्वांत प्रत्यक्ष फळ असावे.

गावातील सर्व मुले मात्र या शाळेत समान होती, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ख्रिस्ती समाजातही बामण, चार्दो, सुदीर हे भेद टिकून होते आणि अनेक गावांत कुंफ्रारींचे सदस्यत्व जातीनुसार ठरे. प्रतिष्ठित घरांतील मुले पुढे लॅटिनसाठी सेमिनरीत जात. सेमिनरी ही तेव्हा भावी धर्मगुरूंप्रमाणेच माध्यमिक शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांचीही शाळा होती. सामान्य घरातील मुलाचा मार्ग मेस्त्रीच्या ओसरीवरच संपे.

याच काळात गोव्यातील हिंदू मुले, विशेषतः अठराव्या शतकात पोर्तुगीज राज्याला जोडल्या गेलेल्या नव्या काबिजादींत, शेणैमामांकडे शिकत होती. मोडी व बाळबोध अक्षरे, पाढे, हिशेब आणि मराठी पोथ्यांचे वाचन हा त्यांचा अभ्यासक्रम. एकाच प्रदेशात, घरी एकच कोंकणी बोलणारी दोन मुले दोन वेगळ्या लिपींतून दोन वेगळ्या ग्रंथभाषांकडे निघाली. घरची भाषा दोघांच्याही शाळेत औपचारिक अध्ययनाचा विषय नव्हती.

भाषेवरील बंदी

स्टीफन्सच्या काळात धर्मगुरूंनी लोकभाषा शिकावी असा आग्रह होता. त्यांचे कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे धोरण पालटले. विजरई कोंद द आल्व्होर याने २७ जून १६८४ रोजी काढलेल्या हुकमाने तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषेचा त्याग करून पोर्तुगीजचा स्वीकार करावा, असे फर्माविले. धर्मगुरूंनी आणि शाळामास्तरांनी मुलांना पोर्तुगीजमधून शिकवावे, हे त्यात स्पष्ट होते. १७४५ मध्ये आर्चबिशप लोरेन्सु द सांता मारिया याने याही पुढे जाऊन पोर्तुगीज न येणाऱ्या ब्राह्मण व चार्दो वधूवरांचे विवाह लावू नयेत असा आदेश काढला. १८१२ मध्ये पुन्हा एका आर्चबिशपाने शाळांत मुलांना कोंकणी बोलण्यास मनाई केली. १८४७ मध्ये ही मनाई सेमिनरीलाही लागू झाली.

या आदेशांचा उल्लेख दमनाचा पुरावा म्हणून नेहमी केला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु तीन वर्षांत साधावयाची गोष्ट सव्वाशे वर्षांनंतरही पुन्हा फर्मावावी लागते, यावरून शाळेच्या खोलीत प्रत्यक्षात काय घडत होते याचीही कल्पना येते. गावचा मेस्त्री हा गावातलाच माणूस होता. तो लॅटिन शब्दांचा उच्चार शिकवी, पोर्तुगीज अक्षरे गिरवून घेई, परंतु चुकलेल्या मुलाला तो कोणत्या भाषेत रागावत असेल, हे सांगण्यास दप्तराची गरज नाही. बंदी पूर्णपणे यशस्वी झाली ती एकाच ठिकाणी, कागदावरील अक्षरांत. कोंकणी बोलली गेली, गायिली गेली, पण शाळेत लिहिली गेली नाही. १८५५ ते १८७० या काळात गोव्याचे मुख्य सचिव असलेले कुन्य रिव्हार यांनी १८५७ मध्ये स्टीफन्सचे व्याकरण पुन्हा प्रसिद्ध केले आणि १८५८ मध्ये कोंकणीचा ऐतिहासिक निबंध लिहून या धोरणावर कडक टीका केली. परकीय अधिकाऱ्याने केलेली ही टीका शिक्षित गोमंतकीयांच्या मोठ्या वर्गाला रुचली नाही. शाळेने जे शिकविले नव्हते त्याची किंमत वाटू नये, हेही शाळेनेच शिकविले होते.

शासन शाळा चालवू लागले, १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, आणि एकोणिसाव्या शतकात अक्षरशिक्षण हळूहळू सरकारी प्राथमिक शाळांकडे सरकले. पोर्तुगीजमधील 'प्रिमेर ग्राव' आणि 'सेगुंद ग्राव' या परीक्षा नोकरीसाठी लागू लागल्या. धर्मग्राम शाळेकडे उरले ते दोतोर्न आणि संगीत.

ओसरीबाहेर

एकोणिसाव्या शतकात बारदेश व साष्टीतील पुरुष मोठ्या संख्येने ब्रिटिश भारताकडे जाऊ लागले. मुंबईत धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत गावोगावचे 'कूड' उभे राहिले. जहाजावरील नोकरी, स्वयंपाक, शिवणकाम यांबरोबरच एक व्यवसाय असा होता की ज्यासाठी लागणारे शिक्षण गावच्या ओसरीवर फुकट मिळाले होते. पाश्चात्त्य स्वरलिपी पाहताक्षणी वाचू शकणारा वादक भारतात इतरत्र सहज मिळत नव्हता. लष्करी पलटणींची पथके, संस्थानिकांचे बँड, हॉटेलांतील नृत्यवृंद, मूकपटांच्या वेळचे वादन, इतकेच नव्हे तर झांझिबारच्या सुलतानाचा बँड, येथे गोमंतकीय वादक पोचले. स्वरलिपी वाचण्याच्या या क्षमतेला येथे 'स्वरसाक्षरता' म्हटले आहे. साक्षरतेची मोजणी करताना अशी क्षमता जमेस धरली जात नाही. पोर्तुगीजमध्ये अर्ज लिहू न शकणारा हा मुलगा निरक्षरांतच गणला जाई.

बोलपट आल्यानंतर या विद्येला मुंबईत नवे क्षेत्र मिळाले. चित्रपटसंगीताचे रचनाकार बहुतांशी श्रुतिपरंपरेतले. त्यांच्या चाली मोठ्या वाद्यवृंदासाठी कागदावर मांडण्याचे काम गोमंतकीय संयोजकांकडे आले. शंकर-जयकिशन यांच्याबरोबर रेईश मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्र यांच्याबरोबर हळदोण्याचे आंतोनियु झेवियर व्हाझ ऊर्फ चिक चॉकलेट ही ठळक उदाहरणे. १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटातील संगीतामागे चिक चॉकलेट यांचा हात होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. त्यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चचे मेस्त्री होते आणि त्यांचे पहिले शिक्षण वडिलांकडेच झाले. १९४३ मध्ये ते मुंबईस येऊन नौशाद यांच्या वाद्यवृंदात रुजू झाले. प्यारेलाल शर्मा हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागदारीवर आधारित स्वरचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या व त्यांत लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी गायन केले. चर्चमधील चार भागांच्या गायनासाठी दिलेली विद्या रागाकडे वळविण्याचा हा प्रयत्न होता. शाळेच्या संस्थापकांनी याची कल्पनाही केली नसेल. किंबहुना १५६० पासून कार्यरत असलेल्या धर्मन्यायालयाने त्याला संमती दिली असती का, हा प्रश्नच आहे.

अक्षरांच्या बाबतीतही असेच घडले. लॅटिन व पोर्तुगीजसाठी शिकविलेली रोमन अक्षरे स्थलांतरित पुरुषांनी कोंकणीसाठी वापरली. कुडातून घरी जाणारी पत्रे, गीतांच्या वह्या, तियात्रांच्या संहिता रोमी कोंकणीत लिहिल्या गेल्या. कोंकणीतील पहिले नियतकालिक 'उदेंतेचें साळक' हे एदुआर्द ब्रुनो डिसोझा यांनी १८८९ मध्ये काढले ते पुण्याहून, आणि पहिला तियात्र १८९२ मध्ये रंगमंचावर आला तो मुंबईत. ज्या भाषेचे लेखन शाळेने नाकारले, तिचे लेखन शाळेच्याच अक्षरांनी, पण शाळेच्या व राज्याच्या हद्दीबाहेर उभे राहिले. महाराष्ट्रातील या दोन शहरांचा गोव्याच्या प्राथमिक शिक्षणाशी असलेला हा संबंध स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक तपासण्यासारखा आहे.

उत्तरकाळ

मुंबईच्या ओढीने गोव्यात इंग्रजी शाळांची मागणी वाढली. फादर विल्यम लायन्स यांनी १८८७ मध्ये हडफडे येथे सुरू केलेली सेंट जोसेफ ही या प्रकारची आरंभीची शाळा होय. ज्या घरांना झेपले त्यांनी मुलांना तिकडे पाठविले. धर्मग्राम शाळा कमी ऐपतीच्या मुलांची शाळा बनत गेली. आंतोनियु द फिगेरेदु यांनी १९५२ मध्ये पणजीत संगीत अकादमी स्थापन केल्यावर संगीतशिक्षणालाही शहरात स्वतंत्र घर मिळाले.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषांना स्थान दिले. लॅटिन मिस्सा मागे पडला, गायनात सारी सभा सहभागी होऊ लागली, आणि चार भागांत गाणाऱ्या प्रशिक्षित मुलांच्या वृंदाची निकड उरली नाही. एकीकडे मेस्त्रीचा विद्यार्थी सरकारमान्य प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात अडकला होता, दुसरीकडे मेस्त्रीची गरजच ओसरली होती. काही गावांत शाळा तग धरून राहिल्या. गायनवृंदांत मुलीही आल्या.

घरच्या भाषेचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी ही गोव्याची राजभाषा ठरली. १९९० मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान कोंकणी किंवा मराठी माध्यमाशी जोडण्यात आले आणि चर्चच्या संस्थेने चालविलेल्या प्राथमिक शाळांनी इंग्रजी सोडून कोंकणी माध्यम स्वीकारले. १६८४ च्या हुकमानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी चर्चशी संबंधित शाळेतील मूल कोंकणी अक्षरे गिरवू लागले, परंतु ती अक्षरे त्याच्या आजोबांच्या पत्रांतली नव्हती. पालकांच्या एका मोठ्या गटाने इंग्रजीचा आग्रह धरला व २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. त्यावरून उसळलेला वाद सर्वश्रुत आहे. मधल्या दोन दशकांत आठवडाभर देवनागरीत कोंकणी वाचणाऱ्या त्या मुलाच्या हाती रविवारी चर्चमध्ये जे स्तोत्रांचे पुस्तक येई, ते रोमी लिपीत होते.